सार्वजनिक जागा सर्वांसाठी : अकोल्याच्या मातीतील नियोजन

ग्रामपंचायतीच्या फलकावर ग्रामसभेची सूचना लागते. सर्व ग्रामस्थांनी उपस्थित राहावे, अशी विनंती तीत केलेली असते. पंचायतीची इमारत नवी, पक्की आणि गावाला शोभेशी असते. परंतु तिचे जोते जमिनीपासून तीन फूट उंच असते आणि सभागृहाच्या दारापर्यंत सहा पायऱ्या असतात. कठडा नसतो. पाय अधू असलेला शेतकरी, गुडघ्यांच्या दुखण्याने बेजार झालेली वृद्धा, दिवस भरत आलेली सून आणि दृष्टी गेलेला एखादा वयोवृद्ध गावकरी यांच्यासाठी त्या सहा पायऱ्या म्हणजे गावाची सीमाच ठरते. सभा भरते, घरकुलांची यादी वाचली जाते, पाण्याच्या टाकीची जागा ठरते. आणि ज्यांना त्या ठरावांचा लाभ सर्वांत अधिक व्हावयाचा, त्यांच्यापैकी काहीजण त्या वेळी घरच्या ओट्यावर बसून असतात.

त्यांना कोणी मज्जाव केलेला नसतो. त्यांचा विचार इमारतीचा नकाशा काढताना झालेला नसतो, एवढेच. सार्वजनिक जागांच्या नियोजनात आज जो 'सुगम्यता' हा शब्द वारंवार येतो, त्याचा मथितार्थ येथेच आहे. जागा सर्वांच्या मालकीची असणे ही एक गोष्ट आणि तिथे प्रत्येकाला स्वतःच्या बळावर, मान राखून पोहोचता येणे ही दुसरी. अकोला, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, मूर्तिजापूर व बार्शीटाकळी या सात तालुक्यांच्या अकोला जिल्ह्यात हे कार्य कसे करता येईल आणि येथील माती, हवामान व लोकजीवन लक्षात घेता त्यात कोणती दक्षता घ्यावी लागेल, याचा विचार करणे उद्‌बोधक ठरेल.

वऱ्हाडची परंपरा

सार्वजनिक जागा कोणाच्या, हा प्रश्न वऱ्हाडला नवा नाही. अमरावतीचे अंबादेवी मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे, यासाठी १९२७ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाण्याच्या हक्काचा लढा उभारला होता. पुढे अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष या नात्याने डॉ. देशमुख यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांसाठी खुल्या केल्या. १९६९ मध्ये अकोल्यास स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आज त्यांचेच नाव मिरवीत आहे.

संत गाडगेबाबांचे कार्यही याच वाटेने गेले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या या लोकशिक्षकाने ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळेने ज्यांना अन्यत्र ओसरीवरही जागा मिळत नव्हती, अशा वारकऱ्यांना निवारा दिला. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर हेही त्यांच्या कार्याचे एक केंद्र होते. अंध, पंगू व रोगी यांची सेवा हा त्यांच्या शिकवणुकीचा एक प्रमुख भाग होता.

त्या काळी विहिरीच्या काठावर आणि मंदिराच्या दारात माणसाला अडवीत असे ती रूढी. कायद्याने आणि समाजसुधारकांच्या प्रयत्नांनी तो अडसर दूर करण्याचे कार्य पुढे नेले. आजचा अडसर विटा, सिमेंट आणि लोखंड यांचा आहे. तो कोणाच्या मनातील द्वेषातून उभा राहिलेला नाही, म्हणून तो दूर करणे तुलनेने सोपे असावयास हवे. परंतु तो डोळ्यांना दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. ज्याला पायरी सहज चढता येते, त्याला पायरी हा अडथळा वाटतच नाही.

कोणासाठी हे नियोजन?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. ही नोंद आठ प्रकारांखाली घेण्यात आली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले; त्यामुळे ज्यांच्या गरजा नियोजनात विचारात घ्यावयाच्या, त्यांची संख्या त्या नोंदीहून मोठी आहे, हे उघड आहे.

परंतु सुगम जागेचा लाभ घेणाऱ्यांची गणना येथे संपत नाही. त्याच जनगणनेनुसार राज्यातील सुमारे दहा टक्के लोक साठ वर्षांवरील होते आणि हे प्रमाण वाढत आहे. कडेवर मूल घेतलेली माता, अपघातात पाय मोडल्याने तीन महिने कुबड्या वापरणारा तरुण, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन परतलेले आजोबा, धान्याचे पोते हातगाडीवरून नेणारा हमाल या सर्वांना पायरीपेक्षा सौम्य उतार अधिक सोयीचा असतो. आज धडधाकट असलेला प्रत्येक माणूस आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर या गणनेत येतोच. म्हणून अशा सोयी म्हणजे थोड्यांसाठी केलेला उपकार होय, ही समजूत प्रथम दूर व्हावयास हवी.

कायद्याचे पाठबळ

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार डिसेंबर २००६ मध्ये संमत झाला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास अनुसमर्थन दिले. देशात १९९५ च्या कायद्याची जागा २०१६ च्या कायद्याने घेतली. या कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेच्या नियमांस धरून नसलेल्या बांधकामास परवानगी देता येत नाही. तसेच ते नियम पाळल्याखेरीज काम पूर्ण झाल्याचा दाखला देता येत नाही किंवा इमारतीचा ताबा घेता येत नाही. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारतींसाठी कलम ४५ ने नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत ठेवली होती. नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ही मुदत २०२२ मध्येच संपली आहे.

केंद्र शासनाने ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियान सुरू केले. बांधकामाची सविस्तर मापे २०२१ च्या सार्वत्रिक सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दिलेली आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ही मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपाची राहता कामा नयेत, किमान मानके बंधनकारक असली पाहिजेत, असा महत्त्वाचा निर्णय दिला. महाराष्ट्रात २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत अडथळाविरहित प्रवेशासंबंधी तरतुदी आहेत, आणि २०२२ मध्ये राज्य शासनाने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला आहे.

कायदा असा स्पष्ट आहे. तो प्रत्यक्षात उतरावयाचा तो मात्र गवंड्याच्या थापीतून, कनिष्ठ अभियंत्याच्या मापातून आणि सरपंचाच्या आग्रहातून.

साखळीतील दुवे

सुगम्यता म्हणजे दारापुढे बांधलेला उतार, अशी एक समजूत रूढ आहे. वस्तुतः ती एक साखळी आहे. एस. टी. च्या थांब्यापासून फाटकापर्यंतचा रस्ता, फाटक, आवार, दरवाजा, आतील मार्ग, खिडकी किंवा टेबल, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह हे तिचे दुवे होत. यांपैकी एकही दुवा निखळला, तर बाकीच्यांवर झालेला खर्च निष्फळ ठरतो. रॅम्प उत्तम आहे, परंतु जनावरे आत येऊ नयेत म्हणून बसविलेल्या फिरत्या फाटकातून चाकांची खुर्ची जात नाही. सभागृहात पोहोचता येते, परंतु स्वच्छतागृहाला दोन पायऱ्या आहेत आणि म्हणून सकाळपासून पाणी न पिता यावे लागते. अशी उदाहरणे अनेक ठिकाणी आढळतात.

रॅम्पच्या मापाचे गणित प्रत्येक ग्रामपंचायत सदस्याने समजून घ्यावे इतके साधे आहे. एक भाग उंचीसाठी बारा भाग लांबी, हे किमान प्रमाण होय. सहा पायऱ्यांची, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर उंची गाठावयाची असेल, तर १० मीटर ८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो. नऊ मीटरहून अधिक लांबी सलग ठेवू नये. मध्ये विसाव्यासाठी दीड मीटर लांबीचा सपाट टप्पा द्यावा. रुंदी किमान १२०० मिलिमीटर असावी. दोन्ही बाजूंना कठडे असावेत आणि प्रत्येक कठड्याला दोन उंचींवर दांड्या असाव्यात, म्हणजे उभ्या माणसाला आणि खुर्चीत बसलेल्या वा लहान मुलाला सारखाच आधार मिळतो. जागा कमी असल्यास रॅम्प काटकोनात वळवावा किंवा त्याची घडी घालावी.

हे गणित न करता पायऱ्यांच्या कडेला दोन-अडीच मीटरचा तीव्र उतार बांधून टाकण्यात येतो, तेव्हा कागदोपत्री रॅम्प होतो, परंतु त्यावरून चाकांची खुर्ची वर नेण्यास दोन माणसे लागतात आणि उतरताना ती उलटण्याचा धोका असतो. असा रॅम्प पुढे दुचाकी वर चढविण्याच्या उपयोगी तेवढा पडतो.

दरवाजाची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर असावी आणि उंबरठा नसावा. दरवाजा जोर न लावता उघडावा. स्वच्छतागृहात चाकांची खुर्ची पूर्ण वळविण्यासाठी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी, भिंतीला धरण्यासाठी मजबूत दांडी हवी, आणि दार बाहेरच्या बाजूस उघडणारे किंवा सरकते हवे. आत कोणी कोसळले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते, हा साधा विचार यामागे आहे.

दृष्टिहीनांसाठी जमिनीवरील उठावदार फरशी हा दुवा महत्त्वाचा असतो. जपानमधील सेईइची मियाके यांनी १९६५ मध्ये ती तयार केली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरातील अंध विद्यालयाजवळच्या रस्त्यावर ती प्रथम बसविण्यात आली. लांब रेषांची फरशी पुढे जाण्याची दिशा सांगते. ठिपक्यांची फरशी थांबण्याची सूचना देते. पिवळ्या रंगाची ही फरशी आज आपल्याकडेही रेल्वे फलाटांवर दिसते. तिचा अर्थ ठाऊक नसल्याने ती कधी कधी शोभेसाठी बसविली जाते आणि थेट खांबावर किंवा झाडावर जाऊन थांबते. अशी फरशी नसलेली बरी.

काळी माती आणि कडक ऊन

पुस्तकातील मापे सर्वत्र सारखी असतात. माती सारखी नसते. अकोल्याची काळी कसदार माती कापसाला मानवते, पण बांधकामाची परीक्षा पाहते. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. मूळ इमारत खोल पायावर उभी असते. नंतर जोडलेला रॅम्प मात्र पुष्कळदा वरवरच्या मातीवर उभारला जातो. एक-दोन पावसाळ्यांत तो खचतो आणि इमारतीच्या व त्याच्या सांध्यात दोन-तीन बोटांची फट किंवा पायरी तयार होते. चालणाऱ्याला ती जाणवतही नाही. परंतु खुर्चीची पुढची लहान चाके नेमकी तिथेच अडकतात.

यावरील उपाय अवघड नाही. रॅम्पखालची काळी माती पुरेशा खोलीपर्यंत काढून तिथे मुरूम थराथराने भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून तो धुम्मस करावा, आणि पावसाचे पाणी पायाशी न मुरता दूर वाहून जाईल अशी नाली काढावी. रॅम्प मूळ इमारतीबरोबरच एकत्र बांधला, तर सर्वांत उत्तम. पाणी साचते म्हणून या भागात जोती उंच घेतली जातात, हे खरे आहे. अशा वेळी जोत्याला लांबलचक रॅम्प जोडण्याऐवजी फाटकापासून दारापर्यंतचे आवारच मुरमाने भरून हळूहळू चढते करता येते. वीस भागांना एक भाग अशा सौम्य चढाने ९० सेंटिमीटर उंची १८ मीटरांत गाठली जाते. मग वेगळा रॅम्प लागत नाही, आणि आजोबा, नातू व चाकांची खुर्ची एकाच वाटेने आत जातात. वेगळे दार नसणे, यातच खरा मान आहे.

दुसरा प्रश्न उन्हाचा. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा अनेकदा ४४-४५ अंशांवर जातो. भर दुपारी उन्हात तापलेल्या लोखंडी कठड्याला हात लावणे अशक्य होते. म्हणजे ज्याला आधाराची सर्वाधिक गरज, त्याचाच आधार जातो. म्हणून रॅम्प शक्यतो इमारतीच्या उत्तर किंवा पूर्व बाजूस घ्यावा, त्यावर छप्पर टाकावे किंवा लगत कडुनिंबासारखी सावली देणारी झाडे लावावीत. फांद्या मात्र डोक्याला लागणार नाहीत इतक्या उंच छाटाव्यात. चकचकीत फरशी उन्हाळ्यात डोळ्यांवर येते आणि पावसाळ्यात पाय घसरवते. तिथे खडबडीत फरशीच हवी. पायऱ्यांच्या कडांना ठळक रंगाची पट्टी ओढली, तर क्षीण दृष्टीच्या माणसाला त्या ओळखता येतात. खर्च एका रंगाच्या डब्याचा.

पाणी, पार आणि बाजार

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याची जागा हेच गावातील सर्वांत महत्त्वाचे सार्वजनिक स्थळ असते. नळ योजनांमुळे पाणी गावात पोहोचले. आता नळाच्या ओट्यापर्यंत प्रत्येकजण पोहोचतो का, हे पाहावयास हवे. ओट्याभोवती चिखल व शेवाळ नसावे, एक तोटी बसल्या जागेवरून हाताला येईल इतकी खाली असावी, आणि ती पिरगळण्याऐवजी दांडीने उघडणारी असावी. संधिवाताने बोटे आखडलेल्या स्त्रीला हा लहानसा फरकही मोठा दिलासा देतो. खारपाणपट्ट्यातील बांधकामात आणखी एक पथ्य पाळले पाहिजे. काँक्रीटसाठी खारे पाणी वापरू नये. त्याने आतील सळई गंजते आणि कठडे लवकर निकामी होतात.

गावाचा पार हे तर समाजजीवनाचे सर्वांत जुने व्यासपीठ. वडा-पिंपळाच्या सावलीतील या ओट्यावर गावाच्या गप्पा होतात, भांडणे मिटतात, बातम्या पोहोचतात. परंतु तो कंबरेएवढा उंच असतो आणि त्यावर बसण्याचा अधिकार रूढीने ठराविक मंडळींकडेच राहिलेला असतो. पाराच्या एका बाजूस सौम्य चढ, पाठ टेकता येईल अशी दोन बाके आणि खुर्ची उभी करण्यापुरती सपाट जागा केली, तर त्याच सावलीत स्त्रिया, वृद्ध व दिव्यांगही येऊन बसू लागतील.

आठवडी बाजारात ओट्यांच्या दोन रांगांमधील वाट १८०० मिलिमीटर ठेवली, तर दोन खुर्च्या किंवा दोन हातगाड्या समोरासमोर जाऊ शकतात. विक्रेत्यांतही दिव्यांग असतात, हे लक्षात घेऊन काही ओटे कमी उंचीचे करावेत. माणूस केवळ मदत घेण्यासाठी बाजारात येत नाही. तो विकण्यासाठी आणि कमाविण्यासाठीही येतो.

उद्याने आणि नदीकाठ

अकोला शहर मोर्णा नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले आहे. जलपर्णीने भरलेली ही नदी स्वच्छ करण्यासाठी १३ जानेवारी २०१८ रोजी हजारो नागरिक काठावर उतरले आणि पुढे दर शनिवारी श्रमदान चालू राहिले. त्या मोहिमेची नोंद देशपातळीवर घेतली गेली. त्यात विद्यार्थ्यांबरोबर ज्येष्ठ नागरिकही होते. ज्यांनी काठ स्वच्छ केला, त्यांना तो काठ उतारवयातही उपभोगता यावा, ही अपेक्षा रास्तच आहे. नदीकाठी किंवा उद्यानात पदपथ आखताना घाटाच्या पायऱ्यांसोबत एक तरी सलग सपाट मार्ग, साधारणतः तीस मीटर अंतरावर हाताच्या व पाठीच्या आधाराची बाके आणि सावली ठेवणे त्यासाठी आवश्यक ठरते. मुलांच्या खेळण्याच्या जागेत वाळूऐवजी खुर्ची चालेल असा एक घट्ट पट्टा आणि आधार असलेला एक झोपाळा असला, तर दिव्यांग बालक कुंपणाबाहेरून पाहत राहणार नाही.

श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्राम येथून पूर्णेचे जल कावडीने आणून राजराजेश्वरास अभिषेक करण्याची अकोल्याची परंपरा सर्वश्रुत आहे. अशा गर्दीच्या प्रसंगी वृद्ध व दिव्यांग यांच्यासाठी स्वतंत्र मोकळी मार्गिका, बसून पाहण्याची राखीव जागा आणि हरवलेल्यांना मदत करणारे केंद्र यांची आखणी आधीच झाली, तर उत्सवाचा आनंद त्यांनाही घेता येतो.

फलक सर्वांना वाचता यावेत

जागा सुगम असणे म्हणजे तिथे काय आहे ते समजणेही होय. फलकावरील अक्षरे मोठी, ठळक आणि भोवतालच्या रंगाहून भिन्न असावीत. अक्षराबरोबर चित्रही असावे. ज्यांना वाचता येत नाही किंवा आकलनात अडचण येते, त्यांना चित्र वाट दाखवते. सभागृहात बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर पुरेसा उजेड असला, तर कर्णबधिर व्यक्तीस ओठांच्या हालचालींवरून काही अर्थ लावता येतो. विषयपत्रिका फळ्यावर लिहिली, तर त्याहून अधिक. मोठ्या सभांत सांकेतिक भाषा जाणणाऱ्या दुभाष्याची योजना करावी.

भाषेच्या संदर्भात अकोला जिल्ह्यातीलच एक निर्णय उल्लेखनीय आहे. पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरील फलकावर मराठीच्या जोडीला उर्दूतही नाव असावे की नसावे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने मराठीबरोबर उर्दूच्या वापरास कायद्याची आडकाठी नाही, असा निर्णय दिला आणि भाषेचे प्रयोजन लोकांपर्यंत पोहोचणे हे आहे, असे स्पष्ट केले. राजभाषा मराठीचे स्थान अबाधित ठेवून नागरिकाला समजेल अशा रीतीने माहिती देणे, हे तत्त्व ब्रेल लिपी, चित्रे आणि सांकेतिक भाषा यांनाही तितकेच लागू पडते.

मतदान केंद्राचा धडा

एखाद्या दिवसापुरती सुगम्यता कशी निर्माण होते, हे निवडणुकीच्या वेळी दिसून येते. मतदान केंद्रांवर रॅम्प, चाकांची खुर्ची, पिण्याचे पाणी व सावली या किमान सुविधा देण्याचा दंडक निवडणूक आयोगाने घातला आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपासून ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदान करण्याची सोयही उपलब्ध झाली. ती सोय ज्यांना अंथरुणातून उठणे शक्य नाही त्यांच्यासाठी मोलाचीच आहे. परंतु ज्यांना रांगेत उभे राहून, शेजाऱ्यांशी चार शब्द बोलून मत द्यावयाचे आहे, त्यांच्यासाठी केंद्रच सुगम असणे श्रेयस्कर होय.

ग्रामीण भागातील बहुतेक मतदान केंद्रे जिल्हा परिषदेच्या शाळांत असतात. मतदानाच्या आदल्या दिवशी फळ्या टाकून केलेला तात्पुरता उतार दुसऱ्या दिवशी काढून घेतला जातो. त्या जागी पक्का रॅम्प झाला, तर तो पाच वर्षांतून दोन-तीन दिवस मतदारांच्या आणि उरलेले सर्व दिवस शाळेतील दिव्यांग विद्यार्थ्यांच्या, तसेच पालकसभेस येणाऱ्या आजी-आजोबांच्या उपयोगी पडतो.

नकाशापूर्वीची पाहणी

इमारत उभी राहिल्यावर भिंत फोडून दार रुंद करणे खर्चाचे असते. नकाशावर तीच रेषा सरकविण्यास खर्च येत नाही. म्हणून ग्रामपंचायत, शाळा, आरोग्य उपकेंद्र, वाचनालय किंवा सभागृह यांचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी एक पाहणी करावी. चाकांची खुर्ची वापरणारी एक व्यक्ती, एक दृष्टिहीन व्यक्ती, एक कर्णबधिर व्यक्ती, एक वृद्ध आणि लहान मूल घेतलेली एक माता अशा पाच जणांना अभियंत्यासह थांब्यापासून नियोजित जागेपर्यंत चालत न्यावे. ते कोठे अडखळतात, कोठे थांबतात, कोणास विचारतात, याची टिपणे घ्यावीत. तासाभराच्या या फेरीत जे समजते, ते कार्यालयात बसून समजत नाही. जुन्या इमारतींची पाहणीही याच पद्धतीने करावी आणि कामांचा क्रम लावावा : आधी प्रवेश, मग स्वच्छतागृह, मग पाणी, मग फलक.

निधीचा मार्गही उपलब्ध आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवावयाची असते. ही रक्कम कोणत्या कामावर खर्च व्हावी, याचा निर्णय ग्रामसभेत दिव्यांग ग्रामस्थांच्या उपस्थितीत व्हावा. मात्र नव्या इमारतीचा रॅम्प या राखीव निधीतून बांधण्याची वेळच येऊ नये. जिना जसा अंदाजपत्रकात धरला जातो, तसाच रॅम्पही धरला जावा.

बांधून झाल्यावर देखभालीचा प्रश्न येतो. रॅम्पवर लावलेल्या दुचाकी, अडगळीची खोली झालेले सुगम स्वच्छतागृह आणि किल्ली नेमकी कोणाकडे हे ठाऊक नसलेले कुलूप, ही दृश्ये टाळण्यासाठी प्रत्येक ठिकाणी एका कर्मचाऱ्यावर ही जबाबदारी नावानिशी सोपवावी. ग्रामसभेपूर्वी वाट मोकळी आहे का, दिवा लागतो का, पाणी आहे का, एवढे त्याने पाहावे.

सहा पायऱ्यांच्या जागी एक सौम्य चढ करणे हे कार्य फार मोठे नाही. त्यासाठी थोडा मुरूम, थोडे सिमेंट आणि नकाशा काढताना केलेला थोडा विचार लागतो. परंतु त्या चढावरून पाय अधू असलेला शेतकरी जेव्हा कोणाच्या खांद्याचा आधार न घेता सभागृहात येईल, घरकुलांच्या यादीविषयी प्रश्न विचारील आणि हात वर करून आपले मत नोंदवील, तेव्हा फलकावरील सूचनेतील 'सर्व ग्रामस्थ' हे शब्द खऱ्या अर्थाने सार्थ होतील. शतकापूर्वी विहिरी आणि मंदिरे खुली करण्यासाठी झटलेल्या वऱ्हाडने या कार्यातही पुढाकार घ्यावा, हे त्या परंपरेस साजेसेच ठरेल.